दायमाबादची वस्ती आणि तेथील मडकी

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून इतिहासावर जे लेख येतात, त्यांचा एक ठराविक साचा होऊन बसला आहे. आरंभी कुंभाच्या उत्पत्तीची एखादी पुराणकथा, मध्ये तेरच्या श्रीगोरोबाकाकांचे पुण्यस्मरण, आणि शेवटी पूर्वजांच्या गतवैभवाविषयी चार गोड वाक्ये. श्रद्धेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. त्याविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्या जिल्ह्यात आपली शेकडो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरवीत आली, त्याच जिल्ह्याच्या भूमीत आपल्या व्यवसायाचा चार हजार वर्षांचा पुरावा पुरलेला होता आणि तो उकरून काढला गेला, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून यंदा एका लहानशा, ओसाड गावाची व त्याच्या लोकवस्तीची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे. त्या गावाचे नाव दायमाबाद.

अहमदनगर जिल्ह्यास आता अहिल्यानगर असे नाव आहे. २०२४ मध्ये हे नामांतर झाले. २०११ च्या खानेसुमारीत या जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ भरली होती. प्रवरा नदी याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत उगम पावते आणि अकोले, संगमनेरवरून पूर्वेस वाहत जाऊन नेवाशाच्या पुढे गोदावरीस मिळते. नेवासे म्हटले की आपणांस श्रीज्ञानेश्वरमहाराज आठवतात. त्याच प्रवरेच्या डाव्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. किंवा होते, असे म्हणणे अधिक बरोबर. पुराणवस्तुखात्याच्या कागदांत त्याचा उल्लेख ओसाड गाव म्हणूनच येतो. आपल्या मुलकी भाषेत अशा गावास ‘बेचिराख’ म्हणतात. नाव आहे, शिवार आहे, पण दिवा लावावयास घर नाही.

शाळेत इतिहास शिकवताना मुले एक प्रश्न हमखास विचारीत : जेथे लिहिलेले काहीच नाही, तेथे किती माणसे राहत होती हे कसे कळते? प्रश्न मोठा मार्मिक आहे. आपल्या देशात सर्वत्र एकाच वेळी शिरगणती झाली ती १८८१ साली. त्यापूर्वीच्या वस्त्यांसाठी जुन्या दप्तरांतील घरपट्ट्या व गावझाडे धुंडाळावे लागतात. आणि त्याही मागे गेले की कागद संपतो. दायमाबादच्या बाबतीत ही गणती करावयास जे साधन उरले, ते म्हणजे घरांच्या जमिनी आणि खापरे. त्यातही खापरेच फार.

या स्थळाचा शोध १९५८ साली भारतीय पुराणवस्तुखात्याचे श्री. बोपर्डीकर यांनी लावला. लागलीच १९५८-५९ मध्ये श्री. म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तेथे पहिले उत्खनन झाले. पुढे १९७४ साली श्री. एस. आर. राव यांनी, आणि १९७५-७६ पासून १९७८-७९ पर्यंत श्री. एस. ए. साळी यांनी मोठ्या प्रमाणावर खोदकाम केले. साळी यांचा विस्तृत अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे आणि सामान्य वाचकास रुक्ष वाटेल असा आहे. तथापि ज्याला मातीचे भांडे वाचता येते, त्याला त्यातील चित्रे पाहण्यात मुळीच कंटाळा येणार नाही.

एकाच जागी एकावर एक अशा पाच वस्त्या येथे सापडल्या. इ. स. पूर्व २२०० च्या सुमारास पहिली वस्ती झाली. तापीकाठच्या सावळदा या गावावरून तिला सावळदा संस्कृती म्हणतात. त्या वेळचे लोक जव, मसूर, वाटाणा पिकवीत. त्यांची भांडी मंदगतीच्या चाकावर घडविलेली, जाडसर आणि वरच्या लेपास बारीक भेगा पडलेली अशी आहेत. भेगा का पडल्या हे विद्वानांस सांगत बसावे लागते. आपल्या घरातील कोणाही वृद्धाने भांडे हाती घेताच सांगितले असते की लेपाची माती अंगाच्या मातीशी जुळली नाही. त्यानंतर सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकालातील लोक येथे आले. सिंधुलिपीतील अक्षरे असलेल्या दोन मुद्रा व काही खापरे मिळाली, तसेच विटांनी बांधून काढलेले एक दफनही मिळाले. मोहेंजोदडोची संस्कृती दक्षिणेत आपल्या प्रवरेपर्यंत येऊन पोहोचली होती, हे या खोदकामाने प्रथमच निःसंशय सिद्ध झाले. तिसऱ्या वस्तीस दायमाबादचेच नाव दिले आहे. चौथी माळव्याकडील लोकांची. आणि पाचवी व शेवटची ती जोर्वे संस्कृतीची, इ. स. पूर्व १४०० ते १००० या काळातील.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठचेच खेडे. १९५०-५१ साली डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी तेथे खणले, आणि त्या लहानशा गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगास मिळाले. कशामुळे? तेथे राजवाडा निघाला नाही की शिलालेख निघाला नाही. निघाली ती लाल रंगाची, काळ्या रेघांची मडकी. एका गावच्या मडक्यावरून सबंध युगाचे नाव पडावे, हा मान आपल्या व्यवसायास मिळालेला आहे, आणि तो कोणी मागून घेतलेला नाही.

या जोर्वे भांड्यांविषयी दोन शब्द अधिक लिहिले तर वाचक क्षमा करतील. ही भांडी वेगवान चाकावरची आहेत. माती इतकी गाळून, मळून घेतलेली की तिच्यात खडा शोधून मिळू नये. वर लाल लेप आणि त्यावर भाजण्यापूर्वीच काळ्या रंगाने ओढलेल्या तिरप्या रेघा, चौकटी व जाळी. वाट्यांना मध्यावर एक धारदार मोड दिलेला असतो. पाण्याच्या किंवा पेयाच्या भांड्यास लांब तोटी असते व त्याचे तोंड फुलासारखे बाहेर पसरलेले असते. भट्टीत त्यांना एवढी आच मिळालेली आहे की बोटाने टिचकी मारली असता धातूसारखा खणखणीत नाद येतो. अहवालकर्त्यांनी हा नाद मुद्दाम नोंदविला आहे. आठवडेबाजारात मडके घेणारी गृहिणीसुद्धा आधी टिचकी मारते, नाद ऐकते आणि मगच दाम सांगते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रवराकाठच्या बायकांनीही हेच केले असेल, असे म्हटल्यास ती माझी कल्पना होईल. पण ती फारशी धाडसाची कल्पना नव्हे. मोड असलेली वाटी आणि तोटीचे भांडे चाकावरून न फाटता उतरविणे हे किती कठीण आहे, हे आपल्या तरुणांनी एकदा करून पाहावे.

आता लोकसंख्येकडे वळू. जोर्वे काळी दायमाबादचा विस्तार वीस हेक्टरांच्या आसपास, काहींच्या मते तीस हेक्टरांपर्यंत होता. त्या काळची महाराष्ट्रातील दोनशे वस्तीस्थाने आजवर सापडली आहेत. त्या सर्वांत हे मोठे. वीस हेक्टर धरले तरी पन्नास एकर होतात. एवढ्या जागेत सुमारे चार हजार माणसे राहू शकतील, असा अंदाज इतिहासकारांनी केला आहे. आजही आपल्या जिल्ह्यातील कित्येक गावांची वस्ती याच्या निम्मीदेखील नाही. अर्थात हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. प्रत्यक्षात जोर्वे काळातील खणून काढलेली घरे पंचवीसच. कुडाच्या वा मातीच्या भिंती, चोपलेली जमीन, खांबांची भोके. त्यावरून सबंध गाव डोळ्यांपुढे उभे करावयाचे, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा.

मी गणिताचाही मास्तर होतो, म्हणून एक त्रैराशिक मांडतो. त्यास पुराव्याचा आधार आहे असे कोणी समजू नये. चार हजार माणसांची, घरटी पाच धरली तर आठशे घरे होतात. प्रत्येक घरी वर्षाकाठी दहाच भांडी फुटून नवी आणावी लागली असे मानले, तर गावास दर वर्षी आठ हजार भांडी लागली. जोर्वे काळ चारशे वर्षांचा. म्हणजे बत्तीस लक्ष मडकी! दायमाबादचे टेकाड पुरुषभराहून अधिक जाडीच्या थरांनी कसे भरले, त्याचा उलगडा यावरून होतो. आणि ही मडकी घडविणारे हातही पुष्कळ असले पाहिजेत. एक-दोन घरांचे हे काम नव्हे.

ती घरे कोणाची होती हेही काही अंशी ओळखता आले. साळी यांनी घरांतील वस्तूंवरून त्यांतील काहींचे धंदे निश्चित केले : खाटकाचे घर, चुना भाजणाऱ्याचे घर, कुंभाराचे घर, मणी करणाऱ्याचे घर, व्यापाऱ्याचे घर. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अलुत्याबलुत्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्याची आठवण ही यादी वाचताना झाल्यावाचून राहत नाही. गावास मातीच्या कोटाचा व बुरुजांचाही आधार होता असे दिसते.

याच जोर्वे लोकांचे दुसरे प्रसिद्ध गाव म्हणजे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत चिकाटीने उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. तेथे असे आढळले की सधन शेतकऱ्यांची घरे गावाच्या मध्यभागी आहेत, आणि कुंभार, तांबट, मणीकार, चुना भाजणारे यांची घरे पश्चिमेच्या कडेला आहेत. यावरून त्या काळीही समाजात उच्चनीचता होती, असा निष्कर्ष विद्वानांनी काढला. तो खरा असेल. परंतु कुंभाराच्या घरात वाढलेल्या माणसास प्रथम आठवतो तो आव्याचा धूर. गवताच्या छपरांच्या मध्ये आवा कोण पेटवू देईल? कुंभारवाडा गावाच्या कडेस असण्याची सुरुवात सोयीने झाली, आणि पुढे सोयीचीच रूढी व रूढीचा कमीपणा झाला, असे मला वाटते. हा क्रम कसा घडतो हे आपण आपल्याच गावांत पाहिलेले आहे.

वस्तीची खरी गणती मात्र घरांपेक्षा दफनांत अधिक स्पष्ट होते, आणि हा भाग लिहिताना लेखणी थोडी अडखळते. दायमाबादच्या जोर्वे थरांत अठ्ठेचाळीस दफने मिळाली. त्यांपैकी चव्वेचाळीस कलशांतील आहेत. या लोकांत लहान मूल दगावले की दोन मोठे रांजण आडवे घेऊन, तोंडास तोंड लावून, त्यांत ते निजवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. शेजारी एखादे तोटीचे भांडे व वाटी ठेवीत. नेवासे येथील अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याचे मणी ओवलेला दोरा होता. हजारो वर्षांनंतरही त्या दोऱ्याचे तंतू ओळखता आले. इनामगावास दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतही बहुसंख्य बालकांचीच. यावरून त्या काळी मुले किती जगत असतील हे निराळे सांगावयास नको. चार हजारांची वस्ती असा आकडा आपण सहज लिहितो. परंतु तो आकडा टिकविण्यासाठी त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या किती पाळणे रिकामे झालेले पाहिले असतील!

हे रांजण चाकावरचे नव्हेत. ते हाताने घडविलेले, जाड, खरखरीत मातीचे असतात. धान्य साठविण्याच्या भांड्यांची घडण आणि यांची घडण एकच. अशा मोठ्या भांड्यांच्या अंगावर पुष्कळदा मातीची पट्टी लावून ती बोटाच्या टोकांनी दाबून नक्षी काढलेली असते. त्या ठशांत घडविणाऱ्याची बोटे आजही दिसतात. धान्यासाठी घडविलेल्या रांजणास कोणत्या दिवशी कोणते काम पडेल, हे घडविणाऱ्यास ठाऊक नसे. आपल्याकडेही बारशाच्या घरी, संक्रांतीच्या सुगडाला, नवरात्राच्या घटाला, लग्नघरी आणि शेवटच्या प्रवासात मडके लागते ते कुंभाराकडचेच. आणि तान्ह्या मुलास अग्नी न देता भूमीत ठेवण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांतून आजही आहे.

दायमाबादचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले ते मात्र मडक्यांमुळे नव्हे. १९७४ साली भिल्ल समाजातील एका माणसास तेथे झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या : दोन बैल जोडलेला व एक पुरुष हाकीत असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. त्या अप्रतिम आहेत यात शंका नाही. परंतु त्या कोणत्या काळच्या याविषयी विद्वानांत मतभेद आहे. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात, ठराविक थरात सापडल्या नाहीत, म्हणून हा वाद सहजी मिटण्यासारखा नाही. मडक्याचे तसे नाही. फुटके खापर जेथे टाकले तेथेच राहते. त्यास कोणी चोरीत नाही, वितळवीत नाही, की वारसाहक्काने परगावी नेत नाही. म्हणूनच ब्राँझच्या रथाचा काळ ठरविण्यासाठीही शेवटी खापरांच्या थरांचाच आधार घ्यावा लागतो.

येथे ज्ञातिबांधवांशी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. हे सर्व वाचून, ‘दायमाबादचे कुंभार हे आमचेच पूर्वज, आमची जात चार हजार वर्षांची’ असे पुढच्या अधिवेशनात कोणी म्हणेल, अशी मला भीती वाटते. तसे म्हणण्यास आधार नाही. चाकावर बसणारा माणूस तेथे होता, एवढे खरे. त्याची भाषा कोणती, दैवत कोणते, सोयरीक कोणाशी होत होती, यांतले खापर काही सांगत नाही. सावळदावाले, सिंधूकडचे, माळव्याकडचे असे निरनिराळे लोक एकाच टेकाडावर आले, आणि प्रत्येकाने आपली माती, आपला रंग, आपले आकार बरोबर आणले. तेव्हा रक्ताचा वारसा सांगण्याऐवजी हाताचा वारसा सांगावा. तो सिद्ध करता येतो. आणि तो सांगताना शेजारच्या कोणत्याही समाजाला लहान करावे लागत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे. ज्याच्या हाती चाक, त्याचे ते पूर्वज. मग त्याचे आडनाव काहीही असो.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडले. केवळ तेच नव्हे, तर गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील जोर्वे लोकांची बहुतेक गावे याच सुमारास उठली. पाऊसमान घटत गेले, हवा कोरडी झाली आणि शेती पेलेनाशी झाली, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. इनामगाव तेवढे आणखी सुमारे तीनशे वर्षे तग धरून होते. त्या तीनशे वर्षांत काय घडले ते तेथील थरांवरून दिसते. प्रशस्त चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. धान्याचे प्रमाण घटले. शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर भिस्त वाढली. आणि भांडी? ती ओबडधोबड झाली, वरची रंगीत नक्षी जवळजवळ नाहीशी झाली. दुष्काळ आला की कुंभाराच्या हातचे कसब आधी जाते, कारण नक्षीचे मोल देणारा गिऱ्हाईकच उरत नाही. ज्यांनी आपल्या वडिलधाऱ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून द्यावयास नको. त्या वर्षी आमच्या भागातील किती चाके अडगळीत पडली आणि किती जण खडी फोडावयास गेले, त्याची नोंद कोठेही झाली नाही.

प्रवरेच्या काठी आता पाण्याची तशी ददात नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालवे आले, ऊस आला. १९५० च्या सुमारास लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु याच सुबत्तेबरोबर पितळ आले, मग ॲल्युमिनियम, मग प्लॅस्टिक. बलुते बंद झाले. आपल्यातील कोणी वीटभट्टीकडे वळले, कोणी गणपतीच्या मूर्तींकडे, कोणी नोकरीसाठी पुण्यास वा मुंबईस गेले. गाव बेचिराख न होताही गावातून कुंभार नाहीसा होऊ शकतो, हे दायमाबादच्या लोकांना अनुभवावे लागले नव्हते. मुले शिकली, पदवीधर झाली, याचा आनंद मला आहे; मी स्वतः मास्तर झालो तो चाक सोडूनच, तेव्हा त्याविषयी तक्रार करण्याचा मला अधिकार नाही.

एक गोष्ट मात्र मनास लागून राहते. उत्खननाचे अहवाल वाचताना दिसते की प्रत्येक भांड्याचे वर्णन करण्यास विद्वानांना लांबलचक वाक्ये लागतात : रुंद तोंडाचे, आखूड मानेचे, गोल बुडाचे, मध्यम आकाराचे. आपल्याकडे त्यासाठी एकेक शब्द होता. डेरा निराळा, घागर निराळी, मोघा निराळा, बोळके निराळे, रांजण निराळा. आणि त्यातही तालुक्यागणिक फरक. हे शब्द जाणणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. ज्या घरी अशी आजी किंवा आजोबा असतील, त्या घरातील मुलांनी त्यांच्याजवळ बसून भांड्याचे नाव, त्याचे माप, ते कोणत्या कामास येई, आणि आपल्या गावी ते शेवटचे कोणी व साधारण कोणत्या वर्षी घडविले, एवढी चार कलमे वहीत उतरून घ्यावी व मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी. चित्र काढता आले तर उत्तमच. नाहीतर भांड्याचा काठ कागदावर टेकवून पेन्सिलीने गिरविला तरी चालेल. पुढील स्मरणिकेसाठी ती यादी लावण्याचे काम मी करीन.